काम केलेच पाहिजे, पण संगणकाला हात लावायचा नाही

अमेरिकेच्या संघीय तुरुंगातून शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती एक कागद दिला जातो. पुढची काही वर्षे त्याने पाळावयाच्या अटी त्यावर छापलेल्या असतात. २०१६ मध्ये सुधारलेल्या नमुना अटींपैकी एक सांगते, की आठवड्याला किमान ३० तास कायदेशीर काम केले पाहिजे. काम नसेल तर ते शोधत राहिले पाहिजे. संगणकाच्या साहाय्याने गुन्हा केलेल्या माणसाच्या कागदावर बरेचदा खाली आणखी एक खास अट असते. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून संगणक वापरायचा नाही. काही वेळा तर इंटरनेटला जोडता येईल असे कोणतेच उपकरण बाळगायचे नाही. दोन्ही अटींमागे तुरुंगाची टांगती तलवार आहे.

आपल्या अनेक धर्मग्रामांतील मुलेमुली संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या निमित्ताने अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडमध्ये स्थायिक झाली आहेत. असा माणूस तेथे त्यांच्या शेजारी राहतो, त्यांच्या चर्चमधील बाकावर बसतो, त्यांच्या कचेरीत नोकरी मागायला येतो. क्वचित तो आपल्याच नात्यातला निघतो आणि मग गावाकडच्या मंडळींना काहीच उमगत नाही. "सुटला म्हणता, शिकलेला आहे म्हणता, मग घरी का बसला आहे?" या साध्या प्रश्नाचे उत्तर तितके साधे नाही. ते नीट समजावून घेतल्याशिवाय त्याला मदतही करता येत नाही आणि दोषही देता येत नाही.

पॅरोल म्हणजे काय?

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. महाराष्ट्रात 'पॅरोलवर सुटला' असे म्हटले, की कैदी काही दिवसांसाठी घरी आला आहे असा त्याचा अर्थ होतो. १९५९ च्या नियमांनुसार आपल्याकडे अशा दोन रजा आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. रजा संपली की कैद्याने पुन्हा तुरुंगात हजर व्हायचे. या काळात नोकरी शोधण्याचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेची मुदत पुरी होण्यापूर्वी मिळालेली सुटका; उरलेला काळ तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली काढावयाचा. संघीय पातळीवर ही पद्धत १९८४ च्या कायद्याने मोडीत काढली गेली आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून घडलेल्या गुन्ह्यांना पर्यवेक्षणाखालील सुटकेची पद्धत लागू झाली. येथे तुरुंगवास भोगून झाल्यावर देखरेखीची वर्षे सुरू होतात आणि त्यांच्या अटी न्यायाधीश शिक्षा सुनावतानाच घालून देतात. अनेक राज्यांत मात्र पॅरोल अजून आहे. इंग्लंडमध्ये अशा सुटकेला 'लायसन्स' म्हणतात. सामान्य माणसाच्या बोलण्यात या सगळ्याला पॅरोलच म्हटले जाते आणि या लेखापुरते आपणही तसेच म्हणू.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असतो परिवीक्षा अधिकारी. तो घरी येऊ शकतो, कामाच्या ठिकाणीही येऊ शकतो. माणूस कोठे राहतो, काय काम करतो, कोणाबरोबर ऊठबस ठेवतो, हे त्याला ठाऊक असावे लागते. संगणकाची परवानगी देणे वा नाकारणे हे बहुधा त्याच्याच हाती असते. न्यायाधीशाचे तोंड वर्षानुवर्षे दिसत नाही. अधिकाऱ्याला मात्र नियमित भेटावे लागते. म्हणून नोकरीच्या बाबतीत त्याचे मत फार मोलाचे ठरते.

बंदी कोणावर येते?

ढोबळमानाने दोन प्रकारच्या गुन्हेगारांवर. पहिला प्रकार म्हणजे संगणकप्रणालीत घुसखोरी करणारे, दुसऱ्यांचे परवलीचे शब्द चोरणारे, संगणकाद्वारे पैशांची अफरातफर करणारे. दुसरा प्रकार म्हणजे इंटरनेटच्या आधारे मुलांचे लैंगिक शोषण करणारे किंवा अशा शोषणाची चित्रे मिळवणारे. वरच्या न्यायालयांपर्यंत पोहोचलेले बहुतेक वाद या दुसऱ्या प्रकारातले आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांविषयी लिहिताना कोणत्याही धर्मगुरूची लेखणी अडखळली पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेबाबत हलगर्जीपणाने बोलण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला उरलेला नाही. मुलांचे रक्षण आधी, बाकी सारे नंतर. परंतु रक्षण कशाने होते, हाही विचार करावाच लागतो. काम नाही, घरभाडे देता येत नाही, दिवसभर कोणाशी बोलणे नाही, अशा अवस्थेत एकटा पडलेला माणूस समाजाला अधिक सुरक्षित करतो, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

मिटनिक यांची तीन वर्षे

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण केव्हिन मिटनिक यांचे आहे. १९६३ साली जन्मलेल्या या इसमाने टेलिफोन आणि संगणक कंपन्यांच्या यंत्रणांत शिरकाव करण्यात मोठे (दुष्ट) नाव कमावले होते. दीर्घकाळ फरारी राहिल्यावर १५ फेब्रुवारी १९९५ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील रॅली शहरात त्यांना अटक झाली. सुमारे पाच वर्षे कोठडीत व तुरुंगात काढून २१ जानेवारी २००० रोजी ते कॅलिफोर्नियातील लोम्पॉक येथील तुरुंगातून बाहेर आले आणि तीन वर्षांचे पर्यवेक्षण सुरू झाले.

अटी कडक होत्या. परवानगीवाचून संगणक नाही, मोबाईल फोन नाही, इंटरनेट नाही. संगणकाशी संबंधित विषयात कोणाचा सल्लागार म्हणून काम करायचे नाही. दुसऱ्या कोणाकरवीही संगणकापर्यंत पोहोचायचे नाही. नुकसानभरपाई मात्र ४,१२५ डॉलर एवढीच ठरवण्यात आली. फिर्यादी पक्षाची मागणी पंधरा लाख डॉलरची होती. एवढ्या बंधनांत जगणारा माणूस कमावणार किती, हा विचार त्या लहानशा आकड्यातच दिसतो.

ज्या विद्येवाचून त्या माणसाला दुसरे काही येत नव्हते, तिलाच कुलूप लागले होते. पण ती विद्या त्याच्या डोक्यात होती आणि डोक्याला कुलूप लावता येत नाही. सुटकेनंतर दीड महिन्याच्या आत, २ मार्च २००० रोजी, अमेरिकी सिनेटच्या एका समितीने त्यांना साक्षीसाठी बोलावले. यंत्रापेक्षा माणूसच फसवायला सोपा असतो, फोनवर गोड बोलून परवलीचे शब्द मिळवता येतात, हे त्यांनी तेथे सांगितले. त्यानंतर लेख आणि व्याख्याने यांची आमंत्रणे येऊ लागली. तेव्हा परिवीक्षा अधिकाऱ्याने आक्षेप घेतला: हा सारा सल्लामसलतीचाच प्रकार! राष्ट्राच्या सिनेटपुढे जे बोलायचे, तेच एखाद्या सभागृहात मानधन घेऊन बोलायचे नाही, असा तो अजब न्याय होता. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ही मनाई सैल झाली.

पुढील काळात मिटनिक यांनी लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर इंटरनेटविषयी कार्यक्रम केला. बोलायला ध्वनिक्षेपक लागतो, संगणक लागत नाही. २००१ मध्ये 'एलियस' या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांना छोटी भूमिका मिळाली. तिच्यात त्यांना संगणक चालवणारा सरकारी हेर रंगवायचा होता, म्हणून पुढ्यात ठेवलेले यंत्र नुसते दिखाऊ होते! फसवेगिरीच्या तंत्रावरील त्यांचे पुस्तक एका सहलेखकाच्या मदतीने २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिण्यासाठी इंटरनेटला न जोडलेला संगणक वापरण्याची मुभा त्यांनी मिळवली होती. पूर्ण बंदीतून एका कामासाठी, एका यंत्रापुरती, एका शर्तीवर काढलेली ही वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २१ जानेवारी २००३ रोजी बंधने संपली. त्यानंतर त्यांनी कंपन्यांना सुरक्षिततेचा सल्ला देण्याचा व्यवसाय केला. १६ जुलै २०२३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आधी, १९९६ मध्ये, केव्हिन पोल्सन नावाच्या दुसऱ्या घुसखोरावर सुटकेनंतर तीन वर्षांची अशीच बंदी आली होती. ते पत्रकारितेकडे वळले आणि संगणक सुरक्षेचे वार्ताहर म्हणून त्यांनी नाव मिळवले.

ही दोन्ही उदाहरणे उत्साहवर्धक आहेत, पण फसवीही आहेत. दोघांचीही नावे वर्तमानपत्रांतून घराघरात पोहोचली होती. ज्याला सिनेटचे बोलावणे येत नाही, ज्याच्या पुस्तकाची कोणी वाट पाहत नाही, त्या पंचेचाळीस वर्षांच्या हिशेबनिसाचे काय? उरलेला लेख त्याच्यासाठी आहे.

न्यायालयांनी काय म्हटले?

ज्या १९८४ च्या कायद्याने पॅरोल रद्द केला, त्यानेच एक मर्यादाही घालून दिली. गुन्ह्याचे स्वरूप, समाजाचे रक्षण व गुन्हेगाराची सुधारणा यांसाठी जेवढे वाजवी आवश्यक आहे, त्यापेक्षा अधिक स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. संगणकबंदीचे सर्व वाद या एका वाक्याभोवती फिरत आले आहेत.

२००१ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आले. आरोपीचा ताजा गुन्हा बँकेच्या पैशांसंबंधीचा होता आणि संगणकाचे काम हेच त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. न्यायालयाने सरसकट बंदी रद्द केली. एखाद्याने टेलिफोनवरून लबाडी केली म्हणून आपण त्याला आयुष्यात टेलिफोनच वापरू नको असे सांगत नाही, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. त्याच वर्षी दक्षिणेकडील दुसऱ्या एका अपील न्यायालयाने मुलांच्या शोषणाच्या प्रकरणात पूर्ण बंदी कायम ठेवली, हेही सांगितले पाहिजे. २००३ मध्ये शिकागोच्या अपील न्यायालयाने संगणक क्षेत्रात बरीच वर्षे काम केलेल्या माणसावरील संपूर्ण इंटरनेटबंदी अतिव्यापक ठरवली. अचानक तपासणी, गाळणी लावलेले संगणक असे सौम्य उपाय असताना त्याच्या उपजीविकेचे साधन तोडायचे कशाला, असा तिचा रोख होता. एकच देश, एकच कायदा, आणि माणूस कोणत्या शहरात पकडला गेला यावर त्याची रोजीरोटी अवलंबून!

१९ जून २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिना राज्याचा एक कायदा घटनाबाह्य ठरवला. लैंगिक गुन्ह्यांसाठी नोंद झालेल्या माणसांना समाजमाध्यमांच्या संकेतस्थळांवर जाण्यास त्या कायद्याने बंदी केली होती. आज नोकरीच्या जाहिरातीसुद्धा लोक याच मार्गाने पाहतात, याची नोंद न्यायालयाने घेतली. मात्र या निकालाचा अर्थ ताणू नये. तो शिक्षा पुरी करून मोकळ्या झालेल्यांनाही बांधणाऱ्या कायद्याविषयी होता. जो अजून पर्यवेक्षणाखाली आहे त्याला तो कितपत लागू पडतो, यावर खालच्या न्यायालयांचे एकमत झालेले नाही.

इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये अधिक स्वच्छ भूमिका घेतली. संगणक वा इंटरनेट यांवरील सरसकट बंदी मान्य होणार नाही, कारण ती दैनंदिन जीवनाच्या आवश्यक भागावर आणि पुष्कळशा नोकऱ्यांच्या मूलभूत गरजेवरच घाला घालते, असे त्या न्यायालयाने म्हटले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात, इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार-व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले. तो निकाल कैद्यांविषयी नव्हता; पण उपजीविका आणि इंटरनेट यांची गाठ आपल्या न्यायव्यवस्थेनेही ओळखली आहे, एवढे त्यावरून दिसते.

(अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरही येत नाही, हे नीतिशास्त्रातील जुने सूत्र आम्ही सेमिनरीत लॅटिनमधून घोकत असू. कायदेपंडितही तेच सूत्र मानतात. फरक इतकाच, की काय अशक्य आहे हे ठरवायला त्यांना तीन न्यायालये लागतात.)

संगणक म्हणजे नेमके काय?

आता प्रत्यक्ष नोकरीकडे वळू. पहिली अडचण व्याख्येची. संगणकीय गुन्ह्यांच्या अमेरिकी कायद्यातील संगणकाची व्याख्या अतिशय विस्तृत आहे. स्वयंचलित टंकलेखन यंत्र आणि हातात मावणारा गणकयंत्राचा डबा एवढे तिने वगळले आहे, बाकी जवळजवळ सारे तिच्यात बसते. मिटनिक सुटले त्या काळी संगणक म्हणजे टेबलावरची पेटी होती. आज?

किराणा दुकानातील गल्ला हा संगणक आहे. हॉटेलातील वाढप्याने घेतलेली मागणी पडद्यावर टिपली जाते. गोदामातील हमालाच्या हातात मालावरच्या रेघा वाचणारे यंत्र असते आणि ते बिनतारी जाळ्याला जोडलेले असते. कारखान्यातील लेथ संगणकावर चालते. मालमोटार हाकणे हे अशा माणसांचे जुने आश्रयस्थान होते, पण डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेतील बहुतेक लांब पल्ल्याच्या मालमोटारींत चालकाच्या तासांची नोंद ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाले आहे. इतकेच काय, कामावर आल्याची हजेरीसुद्धा कित्येक ठिकाणी पडद्यावर बोट टेकवून लागते. झाडू मारायच्या कामावर पहिल्याच सकाळी माणसाला अट मोडण्याचा प्रसंग येऊ शकतो.

म्हणून पहिले पाऊल हे, की आपल्या अटीचा मूळ मजकूर हाती घ्यावा आणि अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा मागावा. संगणक म्हणजे काय? इंटरनेटला न जोडलेला गल्ला चालेल का? साधा फोन चालेल का? हजेरीचे यंत्र चालेल का? तोंडी मिळालेली परवानगी अधिकारी बदलला की हवेत विरून जाते आणि अधिकारी बदलतातच.

दुसरी अडचण अर्जाची. मोठी दुकाने, गोदामे, इस्पितळे आता कागदी अर्ज घेतच नाहीत. 'संकेतस्थळावर भरा' असे दारातूनच सांगतात. सार्वजनिक वाचनालयातील संगणक हाही संगणकच. मग बायकोने वा मुलाने अर्ज भरून दिला तर? येथे बहुतेक लोक फसतात. काही आदेशांत दुसऱ्यामार्फत वापर करण्यासही मनाई असते. मिटनिक यांच्या आदेशात ती होती. अशा वेळी बायकोने प्रेमाने भरलेला अर्जही नियमभंग ठरू शकतो. सरकारी रोजगार केंद्रातील कर्मचाऱ्याने अर्ज भरावा आणि ते अधिकाऱ्याला आधी कळवलेले असावे, हा सुरक्षित मार्ग. किंवा केवळ नोकरीच्या अर्जांसाठी, ठरावीक केंद्रात, ठरावीक वेळी, कोणाच्या तरी नजरेखाली संगणक वापरण्याची मर्यादित परवानगी मागावी. मोघम मागणीपेक्षा अशी बांधीव मागणी मंजूर होण्याचा संभव अधिक.

संगणक अगदीच नको असेल तर उरतात ती हातांची कामे. सुतारकाम, वेल्डिंग, नळजोडणी, छपराची कामे, बागकाम, स्वयंपाकघर, बेकरी, सामान हलवणे. लहान मालक येथे बरे पडतात, कारण मालक स्वतः समोर उभा असतो, कागदावर अर्ज घेतो आणि माणूस पाहून निर्णय करतो. अर्थात वीजकाम, केशकर्तन अशा धंद्यांना बऱ्याच राज्यांत परवाना लागतो आणि परवाना देताना गुन्ह्याची नोंद पाहिली जाते. शिकवणीची फी भरण्याआधी हे विचारून घ्यावे. आणि हेही खरे, की बावीस वर्षे खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाला एकाएकी छपरावर चढवणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. शरीर साथ देत नाही, आणि मनाला त्याहून जड जाते. घरच्यांनी येथे टोमणे आवरावेत, एवढे सांगण्याचा अधिकार मी घेतो.

मालकाला कधी आणि किती सांगावे?

लपवून नोकरी मिळवण्याचा मोह होतो. तो टाळावा, आणि केवळ नीतीचा प्रश्न म्हणून नव्हे. अधिकारी कामाच्या ठिकाणी येऊ शकतो, मालकाला धोक्याची कल्पना द्या असा आदेशही देऊ शकतो. तेव्हा सत्य कळेल ते सर्वांत वाईट तऱ्हेने. दुसरीकडे, पहिल्याच कागदावर गुन्ह्याची चौकट भरायला लावली तर अर्ज थेट टोपलीत जातो. यासाठी १९९८ मध्ये हवाई राज्याने, आणि नंतर अनेक राज्यांनी व शहरांनी, ही चौकट पहिल्या अर्जावरून काढून टाकण्याचे कायदे केले. संघीय सरकारच्या व त्याच्या कंत्राटदारांच्या नोकऱ्यांसाठी २०१९ मध्ये तसाच कायदा झाला. सशर्त नेमणूक देऊ केल्यावरच गुन्ह्याविषयी विचारायचे, असा त्याचा नियम. याचा अर्थ गुन्हा झाकला जातो असा नव्हे. आधी माणूस पाहिला जातो, मग त्याचा इतिहास.

मालकाच्या भीतीवर एक उतारा १९६६ पासून अस्तित्वात आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या योजनेनुसार, शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कामावर घेणाऱ्या मालकाला पहिल्या सहा महिन्यांसाठी मोफत विमा मिळतो. त्या माणसाने चोरी वा अफरातफर केली तर निदान ५,००० डॉलरपर्यंतची भरपाई होते. विचारायला गेलेल्या उमेदवाराने ही माहिती स्वतःच मालकापुढे ठेवली तर बोलण्याचा सूरच बदलतो.

संगणकावर देखरेख ठेवणारी प्रणाली बसवून मर्यादित वापराची परवानगी देण्याचा प्रघात आता वाढला आहे. बरेचदा तिचा खर्च त्या माणसालाच सोसावा लागतो. घरच्या यंत्रावर हे ठीक. पण कोणता मालक आपल्या कंपनीच्या संगणकावर सरकारची नजर बसवू देईल? तडजोड अशी निघते, की कामाच्या ठिकाणी एकच यंत्र, तेही बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेले, आणि पडदा सर्वांना दिसेल अशा जागी. हिशेबाचे, साठ्याच्या नोंदीचे, आराखड्यांचे काम एवढ्यावर होऊ शकते. इतके करूनही अट जाचक ठरत असेल तर न्यायालयाकडे बदलाचा अर्ज करता येतो. पर्यवेक्षणाचे एक वर्ष नीट पार पडल्यावर ते लवकर संपवण्याचीही विनंती करता येते. अशा अर्जाबरोबर 'आम्ही या इसमाला या कामावर घेऊ इच्छितो, पण ही अट आडवी येते' असे मालकाचे पत्र असेल तर न्यायाधीशापुढे प्रत्यक्ष नोकरी उभी राहते.

एका बेकरीची गोष्ट

अशा माणसांना काम देणाऱ्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू जगभर ओळखले जातात. फादर ग्रेगरी बॉईल १९८६ ते १९९२ या काळात लॉस एंजेलिसच्या डोलोरेस मिशन या धर्मग्रामाचे प्रमुख होते. टोळीयुद्धांनी पोखरलेली ती वस्ती. मुलांना तुरुंगाबाहेर ठेवायचे तर त्यांना काम पाहिजे आणि काम कोणी देत नाही, हे पाहून त्यांनी व धर्मग्रामातील लोकांनी प्रथम काम शोधून देण्याचा उपक्रम चालवला आणि १९९२ मध्ये सरळ बेकरीच सुरू केली. त्यातून 'होमबॉय इंडस्ट्रीज' उभी राहिली. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतील तरुण तेथे एकाच टेबलावर कणीक मळतात. २०२४ मध्ये फादर बॉईल यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. बेकरीचे प्रयोजन संगणकबंदीशी निगडित नव्हते. पण भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याला पडद्याची गरज पडत नाही, आणि जुन्या नोंदीमुळे तेथे दार लावले जात नाही.

अमेरिकेतील महागुरूंनी नोव्हेंबर २००० मध्ये गुन्हा व न्याय या विषयावर जे निवेदन काढले, त्यात पीडितांची काळजी आणि गुन्हेगाराचे समाजात परतणे या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या होत्या. त्या एकत्रच राहिल्या पाहिजेत. धर्मग्रामातील एखादा ठेकेदार, बेकरीवाला, गॅरेजमालक अशा माणसाला कामावर घेत असेल तर उत्तम. पण ज्याचा गुन्हा मुलांविरुद्धचा आहे, त्याला चर्चच्या आवारात, शाळेत वा युवकांच्या कार्यक्रमांत काम देणे ही दया नव्हे. त्याची स्वतःची अटही बहुधा त्याला तेथे जाऊ देणार नाही.

कामावर घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. अटीचा कागद स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये. परिवीक्षा अधिकाऱ्याशी एकदा प्रत्यक्ष बोलावे आणि कोणती यंत्रे चालतील ते त्याच्याकडून लिहून घ्यावे; त्या पत्राची एक प्रत दुकानात व एक त्या माणसाच्या खिशात असावी. आणि दुकानात जुना गल्ला काढून नवा बसवला, हजेरीची पद्धत बदलली, की ते आधी सांगावे, कारण त्या यंत्राची परवानगी नव्याने घ्यावी लागते. नोकरी बदलायची असेल तर त्या माणसाने अधिकाऱ्याला निदान दहा दिवस आधी कळवायचे असते. अचानक कामावरून कमी केले, तर ७२ तासांच्या आत.